चिप बदलली, पण नोंद कुठे आहे?

नखाएवढ्या फ्लॅश चिपवर आज वाहनांपासून वीजमीटरपर्यंत असंख्य यंत्रांचा कारभार चालतो. ही चिप बदलली की तिला ओळखणारी आज्ञावलीही बदलावी लागते. मात्र हा बदल कोणी, का आणि कोणत्या चाचणीनंतर केला याची नोंद राहिली नाही, तर चालू यंत्रही एखाद्या दिवशी मुके होऊन बसते.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, ओळख अजिंठा, वेरूळ आणि हिमरू यांच्या पलीकडे गेली. पुढे २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाचा प्रकल्प आला. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. त्या काळात सुटा भाग म्हटले की लोखंड, अॅल्युमिनियम आणि रबर डोळ्यांसमोर येई. आता चित्र पालटले आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहा हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि दुचाकींमधील पारंपरिक कार्ब्युरेटरची जागा इंधनाचा थेंबन्‌थेंब मोजणाऱ्या छोट्या संगणकाने घेतली. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान कळविणारे जीपीएस उपकरण बसवावे लागते. या प्रत्येक उपकरणात एक आज्ञावली असते आणि वीज बंद झाल्यावरही ती जपून ठेवण्याचे काम फ्लॅश मेमरी करते.

काही उपकरणांत ही मेमरी मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असते. पण आज्ञावली मोठी असेल किंवा बरीच माहिती साठवायची असेल, तर बाहेरून आठ पायांची वेगळी चिप जोडली जाते. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. कारण ही चिप बाजारातून विकत घ्यावी लागते आणि बाजार कोणासाठी थांबत नाही.

एका अक्षराचा घोळ

जीपीएस उपकरण बनविणाऱ्या एखाद्या लहान उद्योगाचे उदाहरण घेऊ. त्याच्या बोर्डावर विनबाँड या तैवानी कंपनीची १२८ मेगाबिटची चिप आहे. २०२१ मध्ये जगभर चिपटंचाई होती, तशी परिस्थिती पुन्हा उद्भवते आणि नेहमीचा माल मिळेनासा होतो. खरेदी विभागाला त्याच कंपनीची, त्याच मालिकेची, तेवढ्याच क्षमतेची चिप दुसरीकडे मिळते. आकार तोच, पाय तेवढेच, किंमतही जवळपास सारखी. फरक एवढाच, की लांबलचक भागक्रमांकाच्या शेवटी ‘आयक्यू’ऐवजी ‘आयएम’ अशी अक्षरे आहेत. माल येतो, बोर्डावर बसतो आणि चाचणीच्या टेबलावर एकही उपकरण सुरू होत नाही. पडद्यावर संदेश झळकतो, की चिप अनोळखी आहे.

वस्तुतः चिपमध्ये कोणताही दोष नाही. पहिल्या प्रकारची चिप आपली ओळख ‘ईएफ ४० १८’ अशी सांगते आणि दुसऱ्या प्रकारची ‘ईएफ ७० १८’ अशी. उपकरणातील जुन्या आज्ञावलीच्या यादीत पहिला क्रमांक आहे, दुसरा नाही. दारावरच्या पहारेकऱ्याकडे ज्याचे नाव नाही, त्याला आत प्रवेश नाही. तेवढाच हा प्रकार.

यादीत एक ओळ वाढविली की उपकरण सुरू होईल, हे खरे. त्यामुळेच घाईच्या वेळी एखादा तरुण अभियंता ती ओळ घालतो, मालाच्या पेट्या रवाना होतात आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो तेथे सुरू होतो. हे समजण्यासाठी फ्लॅश मेमरीचा स्वभाव जाणून घ्यावा लागेल.

पाटी आणि फडके

फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ मध्ये त्यांनी तो जगासमोर मांडला. या मेमरीतील मजकूर एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव रूढ झाले. मासुओका यांच्या पहिल्या रचनेला ‘नॉर’ म्हणतात. १९८७ मध्ये ‘नँड’ ही दुसरी रचना आली. नॉर मेमरीतून हवी ती माहिती थेट वाचता येते, म्हणून उपकरणाची मूळ आज्ञावली तेथे ठेवतात. नँड स्वस्त आणि मोठी असते. मोबाइलमधील छायाचित्रे आणि पेनड्राइव्हमधील कागदपत्रे तिच्यात राहतात.

दोन्हींचा स्वभाव शाळेतल्या पाटीसारखा आहे. कोऱ्या पाटीवर हवे तेथे एक अक्षर लिहिता येते. पण लिहिलेले अक्षर बदलायचे, तर बोटाने तेवढेच पुसण्याची सोय येथे नाही. पाटीचा पूर्ण चौकोन फडक्याने पुसावा लागतो. नॉर चिपमध्ये हा चौकोन सहसा ४ किंवा ६४ किलोबाइटचा असतो. शिवाय प्रत्येक पुसण्याबरोबर पाटी थोडी झिजते. सर्वसाधारण नॉर चिपचा प्रत्येक चौकोन सुमारे एक लाख वेळा पुसता येतो. नँडच्या काही प्रकारांत हाच आकडा काही हजारांवर येतो.

आता एका कंपनीच्या पाटीचा चौकोन ४ किलोबाइटचा आणि दुसरीचा केवळ ६४ किलोबाइटचा असेल, तर पुसण्याची आज्ञाही वेगळी द्यावी लागते. चुकीच्या आज्ञेने शेजारचा मजकूर नाहीसा होऊ शकतो. हे सारे भान ठेवणाऱ्या आज्ञावलीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. बस कोणत्या कंपनीची आहे, तिचा गिअर कोठे आणि ब्रेक किती घट्ट, हे जसे चालकाला ठाऊक असावे लागते, तसे प्रत्येक चिपच्या सवयी या ड्रायव्हरला ठाऊक असाव्या लागतात.

चिपचा सातबारा

उपकरण सुरू होताच ड्रायव्हर चिपला एक ठरावीक प्रश्न विचारतो : तू कोण? उत्तरादाखल तीन संख्या येतात. पहिली निर्मात्याची, दुसरी मालिकेची आणि तिसरी बहुधा क्षमतेची. वरील उदाहरणातील ‘१८’ ही संख्या संगणकाच्या सोळाच्या मोजणीत आपल्या २४ इतकी होते. दोनचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट, अर्थात १६ मेगाबाइट. बाजारात हीच चिप १२८ मेगाबिट म्हणून विकली जाते, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. खरेदीपत्रकात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली, की आठपट फरक पडतो.

निर्मात्यांचे क्रमांक ‘जेडेक’ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था देते. पण सातबाऱ्यावर जसे कधी कधी आजोबांचेच नाव राहून जाते, तसे येथेही घडले आहे. ‘०१’ हा क्रमांक मुळात एएमडी या कंपनीचा. तिचा फ्लॅश व्यवसाय पुढे स्पॅन्शन नावाने वेगळा झाला, २०१५ मध्ये तो सायप्रसकडे गेला आणि २०२० मध्ये सायप्रसच इन्फिनिऑनने विकत घेतली. तरीही त्या घराण्यातील चिप आजही स्वतःला ‘०१’ म्हणवतात. मायक्रॉनच्या अनेक नॉर चिप ‘२०’ हा एसटी कंपनीचा क्रमांक सांगतात, कारण एसटी आणि इंटेल यांच्या फ्लॅश व्यवसायांतून २००८ मध्ये निघालेली न्यूमोनिक्स ही कंपनी २०१० मध्ये मायक्रॉनने घेतली. खुद्द विनबाँडच्या या मालिकेचा ‘ईएफ’ हा क्रमांकही नेक्सकॉम या जुन्या कंपनीचा आहे.

म्हणजे चिपच्या पाठीवर छापलेले नाव एक आणि तिने सांगितलेले घराणे वेगळे, हा दोष नव्हे. तो इतिहास आहे. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला मात्र अस्सल माल बनावट वाटू शकतो आणि बनावट माल अस्सल. म्हणून यादीतील प्रत्येक ओळीशेजारी हा फेरफार लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

ओळख एक, स्वभाव दोन

याच्या उलट प्रकारही आढळतो. मॅक्रोनिक्स या कंपनीच्या २५६ मेगाबिटच्या एका चिपच्या ‘ई’ आणि ‘एफ’ अशा दोन पिढ्या आहेत. दोन्ही आपली ओळख ‘सी२ २० १९’ अशीच सांगतात. पण नव्या पिढीला कळणाऱ्या काही आज्ञा जुनीला कळत नाहीत. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या ड्रायव्हरमध्ये या जुळ्या भावंडांना वेगळे ओळखण्यासाठी खास उपाय करावा लागला आहे. तो का केला, हे तेथे टीप देऊन लिहिलेले आहे. ती टीप नसती, तर पुढच्या एखाद्या अभियंत्याने तो भाग निरुपयोगी समजून काढून टाकला असता.

चार तारांवरून एकाच वेळी वेगाने वाचण्याची सोयही अशीच फसवी आहे. ती चालू करण्याचे बटण विनबाँडच्या चिपमध्ये दुसऱ्या नोंदवहीतील एका बिटात असते, तर मॅक्रोनिक्समध्ये पहिल्या नोंदवहीतील सहाव्या बिटात. विनबाँडच्या अनेक चिपमध्ये हा सहावा बिट लेखनसंरक्षणाच्या कामी येतो. एका कंपनीची रीत दुसरीला लावली, तर वेग वाढण्याऐवजी चिपला भलतेच कुलूप लागण्याचा धोका असतो. कुलूप लागलेल्या भागात लिहू पाहिले, तर अनेक चिप तक्रार करीत नाहीत. आज्ञा मुकाट्याने सोडून देतात. ड्रायव्हरला वाटते लिहिले गेले, प्रत्यक्षात पाटी तशीच असते.

सोळा मेगाबाइटचा उंबरठा

सर्वांत कपटी चूक मात्र चिपची क्षमता वाढविताना होते. जुन्या पद्धतीत चिपमधील जागेचा पत्ता तीन बाइटांत सांगतात. तेवढ्यात १६ मेगाबाइटपर्यंतचेच पत्ते मावतात. त्याहून मोठी चिप बसविली, की पत्त्याला चौथा बाइट लागतो आणि काही चिपना आधी ‘यापुढे चार बाइटांचा पत्ता घे’ अशी सूचना द्यावी लागते. उपकरण सुरळीत चालते. चाचणी करणारा वीज बंद करून पुन्हा चालू करतो, तरीही ते व्यवस्थित सुरू होते. कारण वीज गेली की चिप ती सूचना विसरते.

पण रस्त्यावरच्या गाडीत एके दिवशी आज्ञावली अडकते आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे ‘वॉचडॉग’ नावाचे घड्याळ प्रोसेसरला पुन्हा सुरू करते. या वेळी चिपची वीज गेलेली नसते. प्रोसेसर पहिल्यापासून सुरुवात करून तीन बाइटांचा पत्ता सांगतो. चिप चौथ्याची वाट पाहत राहते. दोघांचा संवादच तुटतो आणि उपकरण बंद पडते. बॅटरीची तार काढून जोडेपर्यंत ते हलत नाही. ग्राहक ते घेऊन येतो, तेव्हा तंत्रज्ञ तार काढतो, पुन्हा जोडतो आणि म्हणतो, ‘यात तर काही बिघाड नाही.’ ही अडचण इतकी परिचित आहे, की अशा सदोष मांडणीचे बोर्ड ओळखून सावध करणारी खूण लिनक्समध्ये आहे. चिपच्या रीसेटचा पाय प्रोसेसरच्या रीसेटला जोडणे, हा त्यावरचा साधा उपाय. पण तो बोर्ड आखतानाच सुचायला हवा आणि तसे सुचण्यासाठी कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले असायला हवे.

चिपनेच सांगितलेली माहिती

इतक्या कटकटी पाहून जेडेकने २०११ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार चिपच्या पोटातच तिच्या गुणधर्मांचा तक्ता भरलेला असतो : क्षमता किती, चौकोन केवढा, कोणती आज्ञा चालते, चार तारांची सोय आहे का. ‘एसएफडीपी’ नावाचा हा तक्ता म्हणजे चिपने सोबत आणलेली स्वतःची शिधापत्रिका. लिनक्सचा ड्रायव्हर आता यादीत नसलेल्या चिपलाही या तक्त्याच्या आधारे चालवू शकतो आणि तेवढ्याने काम भागत असेल, तर यादीत नवी ओळ घालू नये, असाच त्याच्या देखभालकर्त्यांचा आग्रह असतो.

मग नोंदी ठेवण्याचे ओझे संपले काय? तसे नाही. जुन्या चिपमध्ये हा तक्ता नसतो. काही चिपमध्ये तो असतो, पण त्यात चुका असतात. कुलपांची सर्व माहितीही त्यात मिळत नाही. शिवाय कारखान्यांतील अनेक उपकरणे जुन्याच आज्ञावलीवर वर्षानुवर्षे चालतात; त्यांना ही नवी सोय उपलब्ध नसते.

झिजेचा हिशेब

चिप ओळखली, चालली, तरी ती किती वर्षे टिकणार, हा प्रश्न उरतोच. याचे बोलके उदाहरण टेस्ला या अमेरिकी कंपनीच्या मोटारींचे आहे. २०१२ ते २०१८ या काळातील काही मॉडेलमध्ये मधल्या पडद्यामागे ८ गिगाबाइटची नँड मेमरी होती. तिचा प्रत्येक चौकोन सुमारे तीन हजार वेळा पुसता येई. पण संगणक रोज नोंदी लिहीत राहिला आणि पाच-सहा वर्षांत मेमरी झिजली. पडदा बंद पडला, की मागच्या कॅमेऱ्याचे दृश्य दिसेना, काचेवरील धुके घालविण्याचे नियंत्रण चालेना. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने सुरक्षेचा मुद्दा उपस्थित केला आणि २०२१ मध्ये कंपनीला १,३४,९५१ मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

यातील गणित अवघड नव्हते. मेमरी किती, रोज लिहायचे किती आणि पुसण्याची मर्यादा किती, या तीन आकड्यांचा तो गुणाकार-भागाकार. आपल्याकडचे जीपीएस उपकरण मोबाइलचे नेटवर्क नसताना गाडीची स्थाने साठवून ठेवते. ते दर काही सेकंदांनी चिपवर लिहीत असेल आणि प्रत्येक वेळी एकाच चौकोनात लिहीत असेल, तर तो चौकोन फार लवकर झिजेल. लेखन सर्व चौकोनांत फिरते ठेवले, तर तीच चिप अनेक वर्षे टिकेल. मूळ चिपऐवजी कमी आयुष्याची पर्यायी चिप आली, की हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. ड्रायव्हर मात्र दोन्हींना सारख्याच मुकाटपणे चालवितो.

नोंद कशी असावी?

या बाबतीत लिनक्सच्या विकासकांनी घालून दिलेली शिस्त कोणत्याही उद्योगाने उचलावी अशी आहे. नव्या फ्लॅश चिपसाठी बदल सुचविणाऱ्याने ती प्रत्यक्ष बोर्डावर तपासलेली असली पाहिजे. कोणत्या नियंत्रकासोबत तपासली, चिपने आपली ओळख काय सांगितली, तिच्यातील तक्ता जसाच्या तसा काय होता, हे त्याने द्यायचे. मग चिपचा भाग पुसायचा, दोन मेगाबाइट यादृच्छिक मजकूर लिहायचा, पुन्हा वाचायचा आणि दोन्ही एकच आहेत हे दाखवायचे. माहितीपत्रक सार्वजनिक असेल, तर त्याचा दुवा जोडायचा. ही कागदपत्रे बदलाविषयीच्या सार्वजनिक पत्रव्यवहारात राहतात. दहा वर्षांनी एखाद्याला ‘ही ओळ येथे का?’ असा प्रश्न पडला, तर उत्तर तेथे शोधता येते.

लहान उद्योगासाठी याची एक पानाची आवृत्ती पुरेशी आहे. शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण भागक्रमांक, चिपने सांगितलेले ओळखीचे बाइट, माहितीपत्रकाची आवृत्ती, घड्याळाचा वेग आणि तारांची संख्या, वीज न जाता पुन्हा सुरू केल्यावर काय झाले, कुलूप घालून-काढून पाहिले का, रोजच्या लेखनाचा आणि झिजेचा हिशेब, चाचणीची तारीख आणि करणाऱ्याचे नाव. आणि एक रकाना जो बहुधा कोणी ठेवत नाही, पण सर्वांत मोलाचा असतो : काय तपासले नाही. ‘चालते’ या एका शब्दापेक्षा ‘खोलीच्या तापमानाला चालते, उन्हात तपासलेले नाही’ हे वाक्य अधिक उपयोगी आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डखाली काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

हे पान ड्रायव्हरच्या संहितेसोबतच राहायला हवे. कोणाच्या लॅपटॉपमध्ये किंवा ईमेलमध्ये अडकलेली नोंद ही नोंदच नव्हे. अभियंता नोकरी बदलून पुणे-बंगळुरूला जातो आणि ती माहितीही त्याच्यासोबत गाव सोडते. शिवाय हे पान खरेदी विभागालाही वाचता येईल अशा भाषेत हवे. कारण चिप बदलण्याचा निर्णय अनेकदा तेथेच होतो.

छत्रपती संभाजीनगरात यासाठी लागणारी शिदोरी नाही असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या रचनेचे शिक्षण देणारी, ‘सीईडीटीआय’ या जुन्या नावाने ओळखली जाणारी संस्था आज ‘नाइलिट’ म्हणून कार्यरत आहे आणि तेथे एम्बेडेड यंत्रणांचे शिक्षण मिळते. शेंद्रा-बिडकीनच्या ‘ऑरिक’ औद्योगिक नगरीत विद्युत वाहनांचे उद्योग येऊ घातले आहेत. या वाहनांत लोखंडाइतकीच आज्ञावली असणार आणि तिच्यातील चिप दर काही वर्षांनी बदलत जाणार, हे निश्चित. विद्यार्थ्याला चिपशी बोलणारी संहिता लिहायला शिकविले जाते, तसे त्या संहितेमागचे कारण लिहायलाही शिकविले, तर त्याचा लाभ थेट या कारखान्यांना होईल.

शेवटी यंत्र विकत घेणाऱ्याला चिपचे नाव ठाऊक नसते, असण्याचे कारणही नाही. त्याची अपेक्षा एवढीच, की किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हावी आणि आठ वर्षांनी दुरुस्तीला नेली, तर ‘याचा सुटा भाग आता मिळत नाही’ हे उत्तर मिळू नये. चिप बंद होतील, कंपन्या विकल्या जातील, अभियंते बदलतील. त्या वेळी नव्या माणसाला पर्यायी चिप निर्धास्तपणे बसविता येईल की नाही, हे आज कोणी ते एक पान लिहिले आहे की नाही, यावर ठरणार आहे.